नाक्यावरून : आमचा डावा कान, घरचे पाहुणे आणि दोन सिनेमे



मागच्या दोन अंकांत हे सदर आले नाही. काहींनी फोन करून विचारले, काही जण दुकानावर येऊन गेले. आजारी होतो असे आम्ही सर्वांना सांगितले. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. आमचा डावा कान गेला आहे, आणि त्या कानापायी घरात जे घडले ते निस्तरण्यात हे दिवस गेले. आता थोडे स्थिरस्थावर झाले आहे, म्हणून लिहायला बसलो.

नव्या वाचकांसाठी दोन शब्द. आमचे दुकान कनेरगाव नाक्यावर, हिंगोली-वाशीम रस्त्याच्या कडेला. पैनगंगा ओलांडली की पलीकडे वऱ्हाड. जुनी माणसे सांगत की निजामाच्या अमदानीत इथे करोडगिरीचा नाका होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात बसे. नाका उठला, नाव राहिले. आम्ही १९८८ साली रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीची टपरी टाकली. पुढे कॅसेट विकल्या, भोंगे आणि अॅम्प्लिफायर भाड्याने दिले, मग सीडी आल्या, मग मेमरी कार्डात गाणी भरून दिली. आता मोबाईलचे चार्जर आणि काचा विकतो. टेप दुरुस्तीला वर्षातून एखादा माणूस येतो, तोही पिशवीत गुंडाळून, कुणी पाहू नये अशा बेताने.

कान जायचे कारण हेच दुकान. भोंगा तपासताना उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर असायचा, म्हणून डावा कान पुढे करायचा. तीस-पस्तीस वर्षे हेच केले. नांदेडच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावले आणि कागदावर रेघ काढून दाखवली. जाड आवाजाकडे रेघ बरी होती, बारीक आवाजाकडे एकदम उतार. ते म्हणाले, आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मोडल्या की पुन्हा उगवत नाहीत. पंच्याऐंशी डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास ऐकला तरी हळूहळू कान जातो म्हणे. आमच्या दुकानात त्याहून कमी आवाजाचा दिवस कधी उजाडला असेल असे वाटत नाही. स, श, फ असली अक्षरे पहिल्यांदा जातात. माणूस बोलतोय ते कळते, काय बोलतोय ते कळत नाही. वर रात्री कानात कुंई-कुंई चालूच, जसे जुन्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मध्ये वाजायचे.

हे सर्व दिवाळीच्या आधी कळले होते. आम्ही घरी कुणाला सांगितले नाही. वय झाले म्हणतील, दुकान बंद कर म्हणतील, म्हणून कागद गल्ल्याच्या खाली ठेवून दिला. पुढचा सगळा घोटाळा त्या कागदाचा आहे.

आमची धाकटी लेक बी. ए. झाली. नांदेडला वसतिगृहात राहून शिकली. गेल्या नोव्हेंबरात तिने पोलीस भरतीचा फॉर्म भरला. हिंगोलीला राखीव दलाचा गट क्रमांक १२ आहे. लहानपणापासून त्या गणवेशातली माणसे एसटीत आणि बाजारात पाहून तिच्या डोक्यात ते बसलेले. मुलींना आठशे मीटर धावणे, शंभर मीटर धावणे आणि चार किलोचा गोळा, असे पन्नास गुणांचे मैदान, आणि शंभर गुणांचा लेखी पेपर. पहाटे पाच वाजता उठून ती रस्त्याच्या कडेने पळते आणि दिवसा शिकवणीची पुस्तके वाचते.

त्यातच एक स्थळ आले. मुलगा पुण्याकडे कंपनीत कायम, घर वाशीमकडचे, माणसे आपलीच, ओळखीतली. हुंड्याचे नाव नाही. आम्हाला वाटले, यापेक्षा चांगले काय मिळणार? रविवारी पाहुणे आले. सहा पुरुष, दोन बाया. चहापोहे झाले. धाकटी येऊन सतरंजीवर बसली, आमच्या डाव्या हाताला.

मुलाच्या काकांनी नाव विचारले, शिक्षण विचारले, मग उंची विचारली. ती म्हणाली, "एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर. मुलींची छाती मोजत नाहीत, फक्त उंची बघतात." पाहुणे गोंधळले. तिच्या डोक्यात भरतीचा फॉर्म होता. दोन्ही बाया पदर तोंडाला लावून हसल्या, आम्हालाही हसू आले. वातावरण मोकळे झाले. मग काका म्हणाले, लग्न एप्रिलच्या आत उरकू, मुलाला पुढे सुट्टी नाही. लग्नात आमचे काही मागणे नाही, फक्त डीजे चांगला पाहिजे, पोरांची हौस आहे.

त्यावर धाकटी काहीतरी बोलली. हळू आवाजात, खाली मान घालून, आमच्या डाव्या बाजूने. आम्हाला नुसती कुजबूज आली. वाटले, होच म्हणत असेल, लाजत असेल. आम्ही मोठ्या आवाजात म्हणालो, "हो हो, तिची काही हरकत नाही. भरतीचे पुढच्या वर्षी बघता येईल." पाहुण्यांनी माना डोलावल्या. ती उठून आत गेली.

रात्री सौ.ने विचारले, "तुम्हाला ऐकू आलं नाही, का ऐकायचं नव्हतं?" पोरगी म्हणाली होती, "मला सहा महिने पाहिजेत, मैदान आणि पेपर होऊ द्या." खोलीतल्या आठही पाहुण्यांनी ते ऐकले होते. एका बापाने ऐकले नव्हते, आणि त्यानेच तिच्या वतीने उत्तर दिले होते. तिला वाटले, बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

चार दिवस ती आमच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. पळायला मात्र जायची. आमचा कागद गल्ल्याखालीच होता. तेव्हाच काढून दाखवला असता तर निम्मी गोष्ट तिथेच मिटली असती. पण माणसाला बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा कठोर म्हणवून घेणे सोपे जाते, निदान आम्हाला गेले.

पाचव्या दिवशी रात्री तिने टीव्हीला मोबाईल जोडला आणि आईला म्हणाली, "सिनेमा लावते. बाबांनाही बसायचं असेल तर बसू दे." सिनेमा होता 'स्थळ'. गेल्या वर्षी, ७ मार्च २०२५ ला तो लागला तेव्हा तिने मैत्रिणींबरोबर पाहिला होता. आम्ही नाव ऐकून होतो, पण पोस्टरवर ओळखीचा चेहरा दिसला नाही म्हणून सोडून दिला होता.

वाचकहो, हा सिनेमा जरूर पाहा. जयंत सोमलकर यांचा तो पहिलाच मोठा चित्रपट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात काढला आणि माणसे बहुतेक तिथलीच घेतली. २०२३ साली टोरोंटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. गोष्ट सविता नावाच्या मुलीची. बाप कापूस पिकवणारा, पोरीला एमपीएससीची परीक्षा द्यायची आहे, आणि घरात एकामागून एक पाहुणे येत राहतात. नाव काय, शिक्षण काय, उंची किती, छंद काय, शेतीचे काम येते का? पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तेच पोहे, पुन्हा तेच प्रश्न. आमच्या शेजारी बसलेला भाचा मध्येच म्हणाला, "मामा, हे तर तेच तेच दाखवायलेत." धाकटी म्हणाली, "दादा, तुला दोन तासांत कंटाळा आला." पुढे तो काही बोलला नाही.

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. मुलगी खुर्चीत बसली आहे, भोवती बायका आहेत आणि समोर मुलाला बसवून प्रश्न विचारले जात आहेत. नंतर कळते की ते तिचे स्वप्न होते. आम्ही हसलो. हसताना सौ. हसली नाही, हे आमच्या ध्यानात आले. तिला आम्ही पाहायला गेलो होतो तेव्हा आमच्याबरोबर नऊ माणसे होती, आणि तिने एक शब्द बोलल्याचे आम्हाला आठवत नाही. सिनेमा संपल्यावर विचारले, तेव्हा काय विचारले होते तुला आमच्या माणसांनी? ती म्हणाली, "सुईत दोरा ओवून दाखव म्हणले. डोळे बघायला."

एक दोष सांगतो. त्यातला बाप आम्हाला फार हतबल वाटला. कापसाला भाव नाही, कर्ज आहे, हे खरेच. आमच्याकडेही सोयाबीन आणि कापूस विकून आलेला शेतकरी दुकानापुढून मान खाली घालून जातो. पण सगळ्याच बापांचे हात परिस्थितीने बांधलेले नसतात. आमचे कुठे बांधलेले होते? हुंडा मागितला नव्हता, कर्ज डोक्यावर नव्हते. आम्ही नुसती घाई केली होती. असल्या बापावरही कुणी सिनेमा काढावा.

त्या रात्री आम्ही कागद आणून तिच्यापुढे ठेवला. तिने दोनदा वाचला. "कधीचा आहे?" म्हणाली. तारीख वर होतीच. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला खरंच ऐकू आलं नव्हतं." आम्ही मान हलवली. ती रडली नाही, ओरडली. एवढी की आमच्या डाव्या कानालाही कळले. सांगितले असते तर मी उजवीकडे बसले असते, एवढेच ती तीन-चार वेळा म्हणाली. पुढे जे म्हणाली ते तितकेच खरे होते. "ऐकू आलं नाही ठीक, पण विचारलं का नाही? पुन्हा एकदा बोल म्हणायला काय लागतं?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसरा सिनेमा आठवडाभराने पाहिला, तोही तिच्याच आग्रहाने. नीरज घेवान यांचा 'होमबाउंड'. सप्टेंबर २०२५ मध्ये थिएटरात आला, नोव्हेंबरात नेटफ्लिक्सवर. भारतातर्फे ऑस्करला तो पाठवला होता. घेवान आपण दलित असल्याचे उघडपणे सांगतात. २०२३ मध्ये 'मेड इन हेवन' या मालिकेत त्यांनी बौद्ध पद्धतीचे लग्न दाखवले होते, राधिका आपटे नवरी होत्या, तेव्हा आपल्याकडे त्याची बरीच चर्चा झाली.

'होमबाउंड'मध्ये दोन मित्र आहेत, एक दलित आणि एक मुसलमान, आणि दोघांना पोलीस व्हायचे आहे. आमची धाकटी पाय पोटाशी घेऊन बसली होती. चंदन हा मुलगा आडनाव सांगायला कचरतो, फॉर्मवर आपला प्रवर्ग लिहीत नाही. त्याची आई शाळेत स्वयंपाकाला लागते तर तिच्या हातचे पोरांनी खाऊ नये म्हणून गावकरी उठतात. पुढे सुरतेची गिरणी, २०२० ची टाळेबंदी आणि गावाकडची वाट. ही गोष्ट मनाने रचलेली नाही. त्या वर्षी मे महिन्यात मध्य प्रदेशातल्या रस्त्याकडेला आजारी मित्राचे डोके मांडीवर घेऊन बसलेल्या तरुणाचा फोटो सगळीकडे फिरला होता. बशारत पीर यांनी त्यावर अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात लिहिले, त्यावरून हा सिनेमा निघाला.

आम्हाला थोरल्याची आठवण आली. तो पुण्याला कंपनीत होता. काम बंद, खोलीचे भाडे चढलेले. एका ट्रकवाल्याने मालेगाव जहांगीरपर्यंत आणले, तिथून वाशीममार्गे पायी आला. जिल्ह्याच्या हद्दी बंद होत्या. इतक्या वर्षांनी आमचा नाका खरोखर नाका झाला होता, बांबू आडवे आणि पोलीस उभे. पैनगंगेच्या पुलापलीकडे पोरगा, अलीकडे आम्ही. मधल्या दोन तासांत काय काय मनात आले ते लिहीत नाही. मग नाव लिहून घेतले आणि चौदा दिवस शाळेत ठेवले. एका हवालदाराने त्याला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली होती. धाकटी तेव्हा शाळकरी होती, आमच्याबरोबर उभी होती. पोलीस व्हायचे वेड कुठून आले, ते आम्हाला सिनेमा पाहताना उमगले.

पण आमच्या जिव्हारी लागली ती चंदनची बहीण. तिला फार काम नाही सिनेमात. घरात शिकायचे, निवडायचे ते भावाने, आपल्या वाट्याला ते आले नाही, असे ती त्याला सुनावते. त्या क्षणी धाकटीने आमच्याकडे पाहिले नाही, आम्हीच तिच्याकडे पाहिले. थोरल्याच्या आयटीआयसाठी आम्ही दुकानातला सगळ्यात मोठा अॅम्प्लिफायर विकला होता. तेव्हा एक वर्ष थांब असे त्याला म्हणालो नव्हतो.

शेवट फार रडका आहे, आधीच सांगून ठेवतो. सौ. दुसऱ्या दिवशी जेवली नाही. काही वाचकांना वाटेल, घरी आधीच काय कमी आहे, सिनेमात पुन्हा दुःख कशाला? आमची सौ.ही तसेच म्हणाली. तिला 'झुंड'मधली जयंतीची मिरवणूक जास्त आवडते. अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभे राहतात ते दृश्य ती पुन्हा पुन्हा लावते. आवडीचा प्रश्न आहे, वाद घालत नाही.

'फुले'बद्दलही काही वाचकांनी मत विचारले आहे. जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिल २०२५ ला येणार होता, आक्षेपांमुळे २५ एप्रिलला आला. सेन्सॉरने जातींची नावे आणि 'पेशवाई' असे शब्द काढायला लावल्याच्या बातम्या आल्या होत्या. ज्यांनी ते भोगले त्यांची नावे काढून भोगण्याची गोष्ट कशी सांगायची ते आम्हाला समजत नाही. प्रतीक गांधी आणि पत्रलेखा यांनी कामे मनापासून केली आहेत. पण संथ आहे, शाळेच्या सहलीला दाखवावा तसा.

आता गाण्यांकडे येतो, कारण कान गेल्यावर माणसाला गाण्याचेच जास्त सुचते.

२००४ साली मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे जेवढ्या कॅसेट दुरुस्तीला आल्या तेवढ्या कधी आल्या नाहीत. गुंतलेली फीत पेन्सिल घालून गुंडाळायची, हेड स्पिरिटने पुसायचे, बेल्ट बदलायचा. पैसे घ्यायची इच्छा होत नसे. लोक काउंटरवर उभे राहून अख्खी बाजू ऐकत आणि मग घरी जात. प्रल्हाददादांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यातही तोच आणि भीमगीतातही तोच, भोंगा कितीही फुटका असला तरी शब्द शाबूत यायचा.

परवा आम्ही घरी एक प्रयोग केला. आधी कडुबाई खरात यांचे गाणे लावले. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) कडुबाई, हातात एकतारी. दारोदार गाऊन पोट भरणारी ही बाई लोकांच्या मोबाईलवरून महाराष्ट्रभर पोचली. डाव्या कानाने ऐकले, बऱ्यापैकी लागले. एक तार, एक आवाज, मध्ये कुणी नाही. मग एका भीमगीताचे डीजेवाले रूप लावले. छातीत धडधड झाली, भिंतीवरचे कॅलेंडर हलले, शब्द एकही नाही. दोष आमच्या कानाचा की डीजेवाल्याचा, हे ठरवायला धाकटीला बसवले, तिचे कान तिखट आहेत. दुसऱ्या कडव्यातले शब्द तिलाही सांगता आले नाहीत.

नवे सगळे वाईट असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आदर्श शिंदे ही तिसरी पिढी, आवाजाला घराण्याची धार आहे. २०१९ च्या बाबासाहेबांवरील मालिकेचे शीर्षकगीत लागले की आम्ही दुकानातले काम थांबवत असू. धाकटी पळताना अमरावतीकडच्या एका पोराचे रॅप ऐकते. नाव '१०० आरबीएच'. हे काय नाव, म्हणून आम्ही नाक मुरडले, तर ती म्हणाली, "बाबा, शंभर म्हणजे सौ. सौ-रभ." रॅप म्हणजे आम्हाला भांडणच वाटायचे, आणि वेग एवढा की उजवा कानही थकतो. तिने शब्द कागदावर उतरवून दिले. वाचले तेव्हा कळले की पोरगा वऱ्हाडी बोलीत जातीचे तेच सांगतो आहे जे आमच्या पिढीचे शाहीर सांगत, फक्त दम न घेता.

जयंती मंडळाची बैठक झाली तेव्हा आम्ही उभे राहून डीजेच्या विरोधात बोललो. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, वस्तीत दिवसाची मर्यादा पंचावन्न डेसिबल, हे सर्व सांगितले. एक पोरगा उठला, "काका, भोंगे लावायचे पैसे तर तुम्हीच घेत होता की." सभा हसली. खोटे काय होते त्यात? आम्ही खिशातला कागद काढला आणि सर्वांना फिरवून दाखवला. ठरले ते असे : सकाळी वंदना, दुपारी गायन पार्टी, डीजे संध्याकाळी आणि दहाला बंद, लहान लेकरे स्पीकरपासून लांब. अर्धेच पदरात पडले. मुलाच्या काकांना लग्नातल्या डीजेचे काय सांगायचे, तो प्रश्न मात्र सध्या उरला नाही.

कारण आम्ही त्यांना फोन केला. उजव्या कानाला लावून, सौ. आणि धाकटी समोर बसलेल्या. सांगितले, त्या दिवशी मुलगी बोलली ते आम्हाला ऐकू आले नव्हते, चूक आमची आहे, तिला सहा महिने पाहिजेत. काका थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, आमच्या पाहण्यात आणखी दोन स्थळे आहेत, विचार करून कळवतो. त्याला तीन आठवडे झाले. कळवलेले नाही. सौ.चा जीव खालीवर होतो, चांगले घर हातचे जाईल म्हणते, आणि ते चुकीचे आहे असेही आम्हाला म्हणवत नाही. मधे एकदा खुद्द मुलाने धाकटीला फोन करून गोळाफेकीचा सराव कसा करतेस असे विचारले म्हणे. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते तिलाच ठाऊक, आम्ही विचारले नाही.

कानाच्या मशीनचे बघतो आहोत. एका कानाचे घ्यायचे म्हटले तरी दुकानाची दोन-तीन महिन्यांची कमाई जाते. पहाटे आम्ही स्कूटीवर तिच्या मागे असतो, हातात मोबाईलचे घड्याळ. आठशे मीटरला आधी तीन मिनिटे अकरा सेकंद लागत, सोमवारी तीन मिनिटे दोन सेकंद लागले. शेवटच्या शंभर मीटरला ती काहीतरी ओरडते. आता आम्ही थांबवून विचारतो, काय म्हणालीस? बहुतेक वेळा ते "बाबा, बाजूला व्हा" असेच असते.

जाता जाता : सेनगाव तालुक्यातल्या एका वाचक भगिनीने प्रल्हाद शिंदे यांची जुनी कॅसेट मिळेल का असे विचारले आहे. आमच्याकडे दोन आहेत, एकीची फीत थोडी ताणलेली आहे. टेप चालू स्थितीत असेल तर घेऊन यावे, नसेल तर टेपही घेऊन यावा. दुकान मंगळवारी बंद असते.